बाबा क्रॉसबो ताणायचे तेव्हा

माझी लेक अडीच महिन्यांची होती. एका दुपारी ती पाळण्यात झोपली, सासूबाई शेजारी गेल्या आणि मी कपाटावरून क्रॉसबोची पेटी खाली काढली. नुसती पुसून ठेवायची, असं स्वतःला सांगत मी ती अंगणात घेऊन आले.

क्रॉसबो म्हणजे आडवं धनुष्य. बंदुकीला असतो तसा लाकडी दस्ता, त्याच्या पुढच्या टोकाला आडवं बसवलेलं धनुष्य. दोरी मागे ओढून खटक्यात अडकवायची, खोबणीत बाण ठेवायचा, नेम धरून चाप दाबायचा. बघणाऱ्याला वाटतं, सगळं कसब नेमात आहे. खरी मेहनत त्याच्या आधीच होऊन गेलेली असते. पुढच्या टोकाला घोड्याच्या रिकिबीसारखी एक कडी असते. तिच्यात पाय रोवून, कमरेत वाकून, दोन्ही हातांनी दोरी वर ओढायची. माझ्या क्रॉसबोला त्यासाठी चाळीस किलोच्या आसपास जोर लागतो. विरारच्या कॉलेजात शिकत होते तेव्हापासून मी हे करत आले होते. पाचशे-सहाशे वेळा नाही, कितीतरी हजार वेळा केलं असेल.

पण त्या दुपारी माझ्या पोटावर सिझेरियनचे टाके होते. ते वरून भरले होते, एवढंच. मी पाय रोवला, वाकले, दोरी अर्धी वर आणली आणि पोटात आतून कुणीतरी चिमटा घेऊन पिळल्यासारखं झालं. दोरी हातातून सुटली. मी तिथेच फरशीवर बसले. ओरडले नाही, कारण लेक उठली असती.

वाडीतून सासरे येत होते. मी त्यांना बाबा म्हणते. उंच, सडपातळ माणूस. आगाशीला आमची वाडी आहे, केळी, पानवेल आणि सोनचाफ्याची. त्या दिवशी त्यांच्या खांद्यावर केळीच्या पानांचा भारा होता. त्यांनी तो खाली ठेवला, मला पाणी आणून दिलं, बो उचलून पेटीत ठेवला आणि पेटी बंद केली.

सासूबाई शेजारून आल्या आणि बोलल्या. "पोटावर टाके घेऊन धनुष्य ओढायचं तुला कुणी सांगितलं? मुलीला दूध कोण पाजणार, मी?"

त्यांचं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनीही तेच सांगितलं, जरा चांगल्या शब्दांत. टाके शाबूत आहेत, पण सहा महिने जड उचलायचं नाही, जोर लावून काही ओढायचं नाही. जिल्ह्याची निवड चाचणी पाच महिन्यांवर आली होती.

मी नालासोपाऱ्याच्या एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासायचं काम करते. तेव्हा रजेवर होते. घरात सगळे माझी काळजी घेत होते, आणि दिवसभर मी फक्त कुणाची तरी आई होते. हे तक्रार म्हणून सांगत नाही. पण जवळच्या गास गावच्या मैदानावर रविवारी सकाळी स्टुलावर बसून नेम धरला, की तेवढा वेळ मी माझी असायचे. ते सहा महिने बंद होणार, या विचाराने मी त्या रात्री जेवताना भाताची शितं नुसती चिवडत होते.

बाबांनी विचारलं, "ते किती किलोचं आहे?"

मला आधी कळलंच नाही की ते माझ्याशी बोलतायत. घरात सासूबाईंशी आणि मुलाशी ते वाडवळीत, इकडच्या बोलीत, बोलायचे. मी नालासोपाऱ्याच्या बिल्डिंगमध्ये वाढलेली, घाटावरच्या माणसांची मुलगी. माझ्याशी ते शाळेच्या पुस्तकातलं मराठी बोलायचे, तेही मोजकं. लग्नाला तीन वर्षं झाली तरी आमचं बोलणं बँकेच्या काउंटरवर चालल्यासारखंच होतं.

"चाळीसच्या आसपास," मी म्हटलं.

"म्हणजे एका गोणीपेक्षा कमी." ते ताकाचा घोट घेऊन म्हणाले, "रविवारी मी येतो. ओढायचं काम मी करीन. नेम तू धर."

नवऱ्याची कारखान्यात शिफ्ट असायची, त्यामुळे रविवारी तो मोकळा असेलच असं नव्हतं. सासूबाईंनी बराच वेळ दोघांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "दोन तासांत परत या. दुधाची वेळ चुकवायची नाही."

मैदानावर आम्हाला शिकवणारे सर म्हणजे निवृत्त पीटी मास्तर. शिस्तीचे इतके कडक, की पेटीचं कुलूपसुद्धा त्यांच्यासमोरच उघडायचं. त्यांनी बाबांना पहिला अर्धा तास दोरीला हातच लावू दिला नाही. पाय कडीत पूर्ण गेला पाहिजे. दोन्ही हात दस्त्यापासून सारख्या अंतरावर. ओढताना बो पोटाला टेकलेला. ताणल्यावर बोटं खोबणीच्या वर येता कामा नयेत, दोरी सुटली तर अंगठा जाईल. आणि बाण लावल्याशिवाय चाप कधीही ओढायचा नाही, रिकामी दोरी सोडली की बो फुटतो. सहासष्ट वर्षांचे बाबा शाळेतल्या मुलासारखे प्रत्येक गोष्ट मोठ्याने परत म्हणून दाखवत होते. मग त्यांनी पाय रोवला आणि एका दमात दोरी खटक्यात बसवली. खट्ट. सर म्हणाले, "वा, काका!" बाबा खुश झाले. मला ते त्यांच्या कानांवरून कळलं, कान लाल झाले होते.

माझं नवं दुखणं वेगळंच निघालं. दस्त्याचं मागचं टोक खांद्याच्या आतल्या बाजूला टेकतं, छातीच्या वरच्या कडेला. अंगावर पाजणाऱ्या बाईच्या तिथे काय होतं ते काही मी सरांना सांगू शकत नव्हते. मी नुसतं "बोचतंय" म्हटलं. सरांनी दोन लेकी वाढवल्या होत्या. त्यांनी काही न विचारता मागची पट्टी ढिली केली, दोन बोटं बाहेरच्या बाजूला सरकवून परत आवळली आणि वर फोमचा तुकडा चिकटवला. त्या दिवशी मी बारा बाण मारले. परत येताना स्कूटरवर पेटी मांडीवर धरून मी वाटभर हसत होते.

पुढच्या तीन रविवारी ते हसू आटत गेलं. बाण डावीकडे जायला लागले. एखादा नाही, जवळपास सगळे. मी नेम धरायची साइट फिरवून घेतली, की पुढचे दोन बरोबर लागायचे आणि तिसरा आणखी कुठेतरी. मला वाटलं माझा हात गेला. श्वास चुकतोय, झोप अपुरी पडतेय, दस्ता सरकवल्याने डोळ्याची जागा बदलली, सगळं तपासून झालं. शेवटी सरांनी सांगितलं तसं मी दोरीवर खटक्याच्या दोन्ही बाजूंना पेनने बारीक खुणा केल्या. बाबांनी बो ताणून दिला. मी बघितलं. उजवी खूण जिथे हवी त्याच्या बाहेर सरकली होती, डावी खटक्याच्या आत गेली होती. दोरी मधोमध बसतच नव्हती. एवढासा फरक, पण अठरा मीटरवर जाईपर्यंत तो चांगला चार बोटं होतो.

"बाबा, तुम्ही वाकडी ओढताय," मी म्हटलं.

"मी सरळच ओढतो."

"हे बघा ना, खुणा बघा."

"खुणा तू केल्यास. नेमही तूच धरतेस."

आजूबाजूला चार-पाच जण होते. मला तेव्हा थांबता आलं असतं. पण आदल्या रात्री लेक तीनदा उठली होती, आणि चाचणी डोक्यावर बसलेली होती. मी म्हटलं, "जमत नसेल तर तसं सांगा ना. माझं वर्ष वाया जाईल."

ताणलेला बो होता, त्यात मी बाण लावून सोडला, कारण सोडावाच लागतो. मग बाबांनी तो पेटीत ठेवला, कुलूप लावलं, किल्ली माझ्या हातात दिली आणि जाऊन स्कूटरपाशी उभे राहिले. पुढच्या शनिवारी त्यांनी सासूबाईंकरवी निरोप दिला, फुलांची ऑर्डर आहे, उद्या जमणार नाही.

रविवार घरातच गेला. सोमवारी दुपारी मी चहाचा थर्मास घेऊन वाडीत गेले. माफी मागायची हे ठरवलं होतं, कशी ते ठरलं नव्हतं.

बाबा पानवेलीच्या वाफ्यापाशी बसून पानांच्या जुड्या बांधत होते. त्यांची पाठ माझ्याकडे होती. केळीच्या सोपाची, खोडाच्या वाळक्या सालीची, दोरी ते उजव्या हाताने गुंडाळत होते, आणि दुसरं टोक त्यांनी दातात धरलं होतं. डावा हात मांडीवर तसाच पडला होता, कोपरात किंचित वाकलेला. एक जुडी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. हात काही वर आला नाही. मग त्यांनी टोपी सारखी करायला उजवा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन डावी कड ओढली.

मी तिथेच उभी राहिले. तीन वर्षं मी या माणसाला रोज बघत होते. सदऱ्यात डावा हात ते नेहमी आधी घालतात, चहाचा कप नेहमी उजव्या हाताने धरतात, स्कूटरवर कोपर बाहेर काढून बसतात. सगळं बघितलं होतं. त्यातलं काही दिसलं नव्हतं.

"बाबा, हात वर येत नाही का?"

त्यांनी दातातली दोरी काढली. मागे वळून आधी वाडीच्या फाटकाकडे बघितलं, आणखी कुणी आहे का म्हणून.

"येतो. इथवर येतो." त्यांनी कोपर वाकवून दाखवलं. काटकोनाच्या जरा पुढे गेल्यावर ते अडलं, जसं दाराला आतून कुणी पाय लावून ठेवावा.

दोन वर्षांपूर्वी ते सुपारीच्या झाडावरून घसरले होते. फार उंचावरून नाही, पण कोपरावर पडले. घरी सांगितलं, हात मुरगळला. हाडवैद्याकडून पट्टी बांधून घेतली आणि पंधरा दिवसांत काम सुरू केलं. ती पट्टी मलाही आठवत होती. हाड वाकडं जुळलं.

"घरी का नाही सांगितलंत?"

तेव्हा ते बोलायला लागले, आणि बोलतच राहिले. मुलगा म्हणेल, आता वाडी पुरे, कुणालातरी कसायला देऊन टाकू. सासूबाई रडतील. झाडावर चढणं बंद होईल. मग सकाळी उठून करायचं काय? क्रॉसबोचं काम आलं तेव्हा त्यांना वाटलं, हे तर कमरेच्या जोरावर होतं, हे जमेल. डावा हात मागे राहतो हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. कमरेला झोका देऊन ते बाकीचं भागवत होते. रात्री हात ठणकायचा, तो उशीखाली दाबून झोपत होते.

"तू सर्वांसमोर बोललीस त्याचं वाईट नाही वाटलं," ते म्हणाले. "खरं बोललीस, त्याचं वाटलं."

ते थांबल्यावर माझ्या लक्षात आलं, हे सगळं ते वाडवळीत बोलले होते. मला चार-दोन शब्द अडले, बाकी सगळं कळलं. मी माफी मागितली. चहा थर्मासच्या झाकणात ओतून दिला. आम्ही एकाच झाकणातून आळीपाळीने प्यायलो, कारण मी कप आणायला विसरले होते.

"मी घरी सांगणार नाही," मी म्हटलं. "पण हात डॉक्टरांना दाखवायचा. आणि सांगायचं तुम्हीच."

"आणि तू पोटावर जोर द्यायचा नाहीस," ते म्हणाले. "परवा अंगणात पेटीकडे बघत होतीस, मी बघितलंय."

पुढच्या रविवारी आम्ही दोघं सरांकडे गेलो आणि जे होतं ते सांगितलं. सर म्हणाले, "आधी नाही का सांगायचं? मी तीन रविवार हिच्या श्वासाला दोष देत होतो."

त्यांनी आधी एक जाड दोरी काढली. तिला दोन आकडे आणि दोन मुठी. दस्त्याच्या मागून दोरी घ्यायची, आकडे धनुष्याच्या दोरीत अडकवायचे आणि मुठी धरून ओढायचं. जोर निम्मा लागतो आणि दोरी मधोमध बसते. पण मुठी पार छातीपर्यंत वर आणाव्या लागतात. बाबांची उजवी मूठ आली, डावी पोटापाशी थांबली. मी ओढायला पुढे झाले तर दोघंही एकदम "ए!" म्हणून ओरडले.

मग सरांनी कपाटातून एक जुनं हँडलचं यंत्र काढलं. ते दस्त्याच्या मागे बसतं. त्याचे दोन आकडे धनुष्याच्या दोरीला लावायचे आणि विहिरीच्या रहाटासारखं हँडल फिरवत राहायचं. दोरी हळूहळू मागे येते. वेळ लागतो, जोर जवळजवळ नाहीच. ते दुसऱ्या कुठल्यातरी क्रॉसबोचं होतं, माझ्या दस्त्यावर बसेना. बाबांनी ते उलटसुलट करून बघितलं. खिशातून कागद काढून दस्त्याच्या टोकाचं माप घेतलं आणि म्हणाले, "हे माझ्याकडे द्या."

मंगळवारी ते एकटेच नालासोपाऱ्याला गेले. तिथल्या गाळ्यांमध्ये एक लेथवाला त्यांना माहीत होता, पंपाचे सुटे भाग करून देणारा. त्याच्याकडून त्यांनी यंत्र आणि दस्ता यांच्या मध्ये बसणारी पट्टी बनवून आणली. पहिली अर्धा सूत, जेमतेम दीड मिलिमीटर, मोठी झाली. परत गेले. दुसरी बसली. सरांनी ती चारी बाजूंनी तपासली, स्वतः वीसेक वेळा बो ताणून बघितला, आणि मगच मला हात लावू दिला. त्यांनी एकच ताकीद दिली, दोरी खटक्यात बसेपर्यंत हँडल सोडायचं नाही. मध्येच सोडलं तर ते उलटं फिरून मनगट फोडेल.

मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी मला खुर्चीवर ताठ बसवून हवेत हँडल फिरवून दाखवायला लावलं, पोटावर हात ठेवून बघितलं आणि म्हणाले, "हे चालेल. दुखलं की थांबायचं."

त्या रविवारी मी स्टुलावर बसून स्वतः बो ताणला. खुणा दोन्ही बाजूंना सारख्या आल्या. बाण मधल्या वर्तुळाच्या कडेला लागला. दुसरा त्याच्या शेजारी. मी बाबांकडे बघितलं, तर ते लक्ष्याकडे बघून मान डोलवत होते. माझ्या मनात आलं, आता यांना इथे काही कामच उरलं नाही. त्यांच्याही मनात तेच आलं असणार. ते म्हणाले, "चला, माझी सुटका झाली."

पण पुढच्या रविवारी ते आधीच तयार होऊन स्कूटर पुसत उभे होते. मैदानावर झाडाखाली बसून राहिले. तिसऱ्या आठवड्यात सर त्यांना म्हणाले, "काका, एकदा मारून बघा."

माझा बो त्यांच्या हातात खेळण्यासारखा दिसत होता. माझे हात आखूड, म्हणून दस्ता आखूड केलेला. त्यांनी खांद्याला लावला तर मान मुडपून नाक खटक्यावर टेकायला लागलं, आणि चष्मा घसरला. सरांनी मागच्या बाजूला दोन पट्ट्या घालून दस्ता लांब केला, गाल टेकायचा तुकडा उचलला, आणि म्हणाले, "आता मान वाकवू नका. बो तुमच्याकडे आला पाहिजे, तुम्ही क्रॉसबोकडे जायचं नाही." मग पुढे धरायचा प्रश्न आला. तो हात डावा. बाबा कचरले. सरांनी तो हात दस्त्याखाली ठेवला. जे कोपर वर येत नव्हतं, ते इथे जेवढं वाकायला हवं तेवढंच वाकलेलं होतं. आम्हा बाकीच्यांचा पुढचा हात थोड्या वेळाने थरथरतो. बाबांचा जिथे ठेवला तिथेच राहिला.

पहिला बाण खाली गेला. दुसरा लक्ष्याच्या कडेला. तिसरा निळ्या पट्ट्यात. त्यांनी बो सरांच्या हातात दिला आणि मला म्हणाले, "अगं, हे तर मजेशीर आहे." अगं! मला तोवर त्यांनी कधी अगं म्हटलं नव्हतं.

त्या आठवड्यात जेवताना त्यांनी घरी सांगितलं. सासूबाई रडल्या, अपेक्षेप्रमाणे. नवरा चिडला, मग दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्यांना घेऊन डॉक्टरकडे गेला. एक्सरेत हाड वाकडं जुळलेलं दिसलं. या वयात ते पुन्हा मोडून जुळवण्यात फायदा नाही, असं डॉक्टर म्हणाले. व्यायाम दिला. कोपर पूर्वीपेक्षा थोडं जास्त वाकतं, टोपीपर्यंत अजून जात नाही. सुपारी उतरवायला आता माणूस येतो. पहिल्या वेळी बाबा त्याच्या झाडाखाली उभे राहून इतक्या सूचना देत होते की तो माणूस वरूनच म्हणाला, "काका, तुम्ही घरात जा बघू." दोन दिवस ते कुणाशी नीट बोलले नाहीत. वाडी मात्र कुणाला कसायला दिली नाही. तो विषय नवऱ्याने काढलाच नाही. बाबांना दोन वर्षं ज्याची भीती होती, ते झालंच नाही.

निवड चाचणीत मी चौथी आले. तिघींना घेतलं. शेवटच्या फेरीत माझे दोन बाण सैल गेले. त्याला दोरी कारण नव्हती, यंत्र नव्हतं, कुणीच नव्हतं. मी दमले होते. घरी येताना रडले. बाबांनी गासच्या नाक्यावर स्कूटर थांबवून उसाचा रस पाजला आणि म्हणाले, "पाच महिन्यांपूर्वी तू फरशीवर बसली होतीस." एवढंच. मला ते पुरलं.

आता लेक दोन वर्षांची आहे. मी बो पुन्हा हातांनी ताणू शकते, पण बहुतेक वेळा हँडलच वापरते, आणि त्याची लाज वाटत नाही. सरांकडे हल्ली नवे लोक येतात. एक साठीच्या बाई येतात, त्यांचा खांदा आखडलेला आहे. एक गृहस्थ चाकाच्या खुर्चीवरून मारतात. त्यांना कडीत पाय रोवताच येत नाही. कॉलेजची मुलं येतात, ती हातांनी ओढतात आणि हँडलला हसतात. दस्त्याची मापं घेण्याचं काम सरांनी बाबांकडे सोपवलं आहे. शिंप्याची टेप गळ्यात घालून ते प्रत्येकाला समोर बसवतात. उंची, हाताची लांबी, चष्मा, सगळं विचारतात. पण त्याआधी शेजारी कुणी नाही ना ते बघून हळूच विचारतात, "तुझं दुखतं कुठे?"

बहुतेक जण आधी म्हणतात, कुठेच नाही. बाबा टेप गुंडाळत तसेच बसून राहतात. त्यांना घाई नसते.